विदूषकाविना पद्मपूर : झाडीपट्टीच्या विनोदी नटाच्या इतिहासाचा प्रश्न

भवभूतीच्या 'महावीरचरित' आणि 'मालतीमाधव' या दोन नाटकांच्या प्रस्तावनांमध्ये सूत्रधार कवीचा परिचय करून देतो. संस्कृत नाटककारांमध्ये स्वतःविषयी इतकी माहिती देणारा दुसरा कवी सापडणे कठीण. दक्षिणापथातील पद्मपूर हे गाव, काश्यप गोत्राचे तैत्तिरीय शाखेचे ब्राह्मण कुळ, आजोबा भट्ट गोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी हा सारा तपशील तेथे येतो. याच ओघात सूत्रधार आणखी एक गोष्ट सांगून जातो. ती म्हणजे या कवीचे नटांशी स्वाभाविक सख्य होते आणि त्या सख्यापोटीच त्याने आपली कृती त्यांच्या हाती सोपवली. तिन्ही नाटकांचे प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेच्या निमित्ताने होत असल्याचेही प्रस्तावनांवरून कळते. राजवाड्यातील निवडक सहृदयांपेक्षा यात्रेला लोटलेला समुदाय हा या नाटकांचा पहिला प्रेक्षक होता, ही गोष्ट भवभूतीच्या समीक्षेत फारशी वापरली गेलेली नाही.

हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. दुर्ग भागात मिळालेल्या एका अपुऱ्या वाकाटक ताम्रपटात पद्मपूरचा निर्देश आहे, याचाही आधार त्यांनी घेतला. स्थाननिश्चितीचे वाद पूर्णपणे कधीच मिटत नाहीत. पण मिराशींचे मत विदर्भात रुजले आणि आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव लाभले. मिराशींनी लिहिले तेव्हा हे गाव भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. जिल्ह्याला आठव्या शतकातील एक महाकवी वारसा म्हणून अनायासे मिळाला. मात्र ज्यांच्याशी त्या कवीचे सख्य होते त्या नटांचे काय, हा प्रश्न वारशाच्या चर्चेत कोणी विचारला नाही. या भूभागात आजही नट आहेत, यात्रेसारख्या समुदायापुढे रात्रभर नाटके होतात, आणि त्या नाटकांत सर्वांत जास्त मागणी विनोदी नटाला असते. भवभूतीच्या एकाही नाटकात मात्र विदूषक नाही.

विदूषकाचा हा अभाव संस्कृत नाट्यसमीक्षेत नेहमी नोंदवला जातो आणि बहुधा कवीच्या स्वभावाशी जोडून सोडून दिला जातो. भवभूती गंभीर प्रकृतीचा, करुणाकडे ओढ असलेला, त्याला विनोदाचे अंग नव्हते, असे सांगितले की विषय संपतो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. विदूषक हे केवळ हसविणारे पात्र नाही. 'मृच्छकटिका'तला मैत्रेय किंवा 'शाकुंतला'तला माधव्य हे जन्माने ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतात. ज्या भाषेवर त्यांचा कुळाने अधिकार आहे ती सोडून ते खालची मानली गेलेली भाषा बोलतात आणि त्या भाषेतून नायकाच्या उदात्ततेला भुकेची, झोपेची, पायपिटीची आठवण करून देतात. विदूषक काढून टाकला की रंगमंचावरून एक भाषिक अंतर नाहीसे होते. भवभूतीने ते पूर्णपणे नाहीसे केले असेही नाही. 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकाच्या आरंभी वाल्मीकींच्या आश्रमातले दोन बटू येतात. त्यांपैकी सौधातकी प्राकृतात बोलतो आणि आश्रमात आलेल्या थोरामोठ्यांच्या सत्काराची, विशेषतः वसिष्ठांसाठी मारलेल्या कालवडीची, टवाळी करतो. दुसरा संस्कृतात त्याला धर्मशास्त्र समजावून सांगतो. हे दृश्य लहान आहे, पण अंकाच्या उंबरठ्यावर का होईना, विदूषकाची जागा कवीला ठेवावी लागली. संस्कृत बोलणारा समजावतो आणि प्राकृत बोलणारा हसवतो, ही वाटणी नीट ध्यानात घेतली म्हणजे त्याच मातीतल्या बाराशे वर्षांनंतरच्या रंगभूमीकडे पाहण्याची एक दृष्टी मिळते. या दोहोंत सलग परंपरा आहे असा दावा करण्याचे कारण नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही.

झाडीपट्टी म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे जंगल, तलाव आणि धानशेतीचे क्षेत्र. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत ते विभागलेले आहे. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. नाटकाचा नकाशा मात्र या सीमांना जुमानत नाही. धानाचे एक पीक हा या नाटकाचा आर्थिक पाया. कापणी होते, हातात पैसा आणि रिकामा वेळ एकाच वेळी येतात, आणि दिवाळीपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडईला लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. शंकरपट असेल तर दिवसा बैलांची शर्यत आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. दिवाळीच्या सुमारास गावकऱ्यांनीच नाचावयाची दंडार, शाहिरांची खडी गंमत, स्त्रीवेष घेणारा राधा किंवा नाच्या, अशा प्रयोगरूपांची येथे जुनी वहिवाट आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या रूपांची आणि झाडीबोलीची जी नोंद केली, तिच्यावाचून आज या विषयावर काही लिहिणेच अशक्य झाले असते.

या वहिवाटीवर पांढरपेशा संगीत नाटकाचे कलम झाले. नेपथ्याचे पडदे, पदे, ऑर्गन, तबला, अंकरचना हे सारे तिकडून आले. रात्री दहा-अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालण्याची सवय इकडची राहिली. आरंभी गावचीच मंडळी नाटक बसवीत. पुढे गावाला नाटक विकत मिळू लागले. त्याचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा ऊर्फ देसाईगंज हे ठरले. वडसा हे गोंदियाहून नागभीड-चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे स्थानक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही रेल्वे अरुंद मापाची होती आणि शतकाच्या शेवटच्या दशकात ती रुंद झाली. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव याच मार्गावर आहे. नागपूरहून येणारी नटी, गावाहून येणारा मंडळाचा अध्यक्ष, वाद्ये आणि पेट्या यांना एकत्र येण्यासाठी असे ठिकाण सोयीचे होते. हंगामाच्या तोंडावर तेथे नाट्यसंस्थांची कार्यालये उघडतात, गावची मंडळे येतात, नाटकाचे नाव, नटांची यादी आणि तारीख यांचा सौदा होतो. या व्यवहारात मंडळ लेखकाला विकत घेत नाही. ते नटांची यादी विकत घेते. 'विनोदी कोण आहे?' हा त्या बोलण्यातला ठरलेला प्रश्न असतो.

मराठी नाट्यसमीक्षेने व्यावसायिक, हौशी, प्रायोगिक आणि लोकनाट्य असे चार कप्पे केलेले आहेत. झाडीपट्टीचा नट यांपैकी कोणत्या कप्प्यात बसतो? तो पैसे घेतो, म्हणून हौशी नव्हे. वर्षातले सात महिने तो शेतात असतो, म्हणून पूर्णवेळ व्यावसायिक नव्हे. त्याच्या नाटकाला लिखित संहिता आणि अंक आहेत, म्हणून लोकनाट्याच्या व्याख्येतून तो निसटतो. प्रायोगिक म्हणण्याचा तर प्रश्नच नाही. ज्याला कप्पा नाही त्याला इतिहासही नाही, हा आपल्या समीक्षाव्यवहाराचा अलिखित नियम असावा. दर अधिवेशनात 'उपेक्षित' म्हणून त्याचा गौरव होतो, एवढेच.

या नटाचा प्रश्न एका कारकिर्दीच्या आधारे पाहणे इष्ट. परशुराम कोमाजी खुणे हे गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे. कुरखेडा तालुक्याला लागूनच गोंदिया जिल्ह्याचा अर्जुनी मोरगाव तालुका आहे. खुणे शेतकरी आहेत आणि झाडीपट्टीचे विनोदी नट आहेत. पाच दशकांच्या आसपासची त्यांची कारकीर्द विनोदी भूमिकांनी ओळखली गेली. २०२३ मध्ये, सत्तरीच्या वयात, त्यांना कला या विभागात पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या बाहेर त्यांचे नाव बहुतेकांनी त्या वेळी प्रथम ऐकले. पुरस्काराच्या निमित्ताने जो परिचय प्रसृत झाला त्यात दोन आकडे होते : पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका. नक्षलवादाच्या वाटेने गेलेल्या तरुणांना परत आणण्याच्या त्यांच्या प्रयत्नांचाही उल्लेख होता. वृत्तपत्रांनी आकडे छापले, अभिनंदन केले आणि पुढे गेले. या आकड्यांचा अर्थ काय, हे कोणी पाहिले नाही.

पाच हजार प्रयोग पन्नास हंगामांत वाटले तर हंगामाला शंभर रात्री होतात. दिवाळी ते होळी या चार-साडेचार महिन्यांत शंभर रात्री म्हणजे जवळजवळ रोज, आणि प्रत्येक रात्री निराळ्या गावी. आकडा अशक्य नाही. या धंद्याच्या मोजमापात तो बसतो. दुसरा भागाकार याहून महत्त्वाचा आहे. पाच हजार प्रयोगांत आठशे भूमिका म्हणजे एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहा-सात प्रयोग येतात. आता मुंबई-पुण्याकडे वळून पाहावे. 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये आले आणि प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे अडीच हजारांवर वेळा उभा केला. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला. तो तीस-पस्तीस नाटकांचा संभार आहे, म्हणजे नाटकामागे साडेतीनशेच्या वर प्रयोग. मुख्य प्रवाहातला नट मोजक्या भूमिका शेकडो वेळा घासून गुळगुळीत करतो. झाडीपट्टीचा नट शेकडो भूमिका मोजक्या वेळा करतो. दोघांनाही आपण 'नट' म्हणतो. पण त्यांची कला एकच आहे असे समजणे हा समीक्षेचा आळस होय.

सहा-सात प्रयोगांत भूमिका 'पिकत' नाही. तालमीला दिवस थोडे असतात, प्रॉम्प्टर हाताशी असतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संस्थेचे दुसरे नाटक उभे असते. अशा वेळी नट दर नाटकागणिक नवे पात्र घडवीत असेल, ही कल्पना टिकत नाही. आठशे भूमिका हा शब्दप्रयोग व्यवहारापुरता ठीक आहे. खरे पाहता ती एकाच आकृतीची आठशे स्थळे आहेत. ती आकृती नोकराची असेल, दारुड्याची असेल, गावच्या भोळ्याची किंवा बेरक्याची असेल; नाटककार तिला नाव आणि कथेतले काम देतो, बाकी सारे नट आपल्या पोतडीतून काढतो. चाल, थांबे, शब्दांचे हेल, प्रेक्षकांतल्या आवाजाला दिलेले तत्काळ उत्तर, आज ज्या गावी आहोत त्या गावाच्या तलावाचा, सरपंचाचा, रस्त्याचा उल्लेख ही त्याची खरी संहिता. ती कागदावर नसते. मैत्रेय आणि माधव्य ही निरनिराळ्या कवींची पात्रे असली तरी विदूषक हा एकच, आणि तो नटाच्या अंगात राहतो, असे जे संस्कृत रंगभूमीविषयी अनुमानाने म्हणावे लागते, ते येथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

भाषेच्या वाटणीचा मुद्दा येथे परत येतो. झाडीपट्टीचे नाटक झाडीबोलीत असते, असा बाहेर एक गोड समज आहे. बहुतांश नाटकांचे नायक, नायिका, खलनायक प्रमाण मराठीत बोलतात, तेही काहीशा जुन्या, भारदस्त, संगीत नाटकाच्या वळणाच्या मराठीत. झाडीबोली येते ती मुख्यतः विनोदी पात्राच्या तोंडी. 'ण'चा 'न', 'ळ'चा 'र' आणि 'श'चा 'स' करणारी, प्रेक्षक घरी बोलतो तीच बोली. म्हणजे प्रेक्षकाची स्वतःची भाषा रंगमंचावर आली की हशा पिकतो. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक म्हणजे, ही आत्मन्यूनतेची खूण आहे. प्रतिष्ठेची भाषा दुसऱ्याची आणि हसण्याची भाषा आपली, ही वर्चस्वाची वाटणी रंगमंचाने मुकाट्याने स्वीकारली. हे वाचन चुकीचे नाही, पण ते प्रयोग न पाहता, संहिता वाचून केलेले आहे. प्रयोगात दुसरी गोष्ट घडते. नायकाचे भारदस्त स्वगत संपता संपता विनोदी नट त्याच आशयाचे दोन शब्द बोलीत टाकतो आणि त्या स्वगताचा फुगा खाली येतो. रात्री दोन वाजता, थंडीत, धान कापलेल्या बांधीतल्या मंडपाखाली बसलेला समुदाय त्या क्षणी नायकाच्या बाजूने नसतो. सौधातकी आणि त्याचा संस्कृत बोलणारा सोबती यांच्यातला जो व्यवहार भवभूतीने एका छोट्या प्रवेशात उरकला, तो येथे पहाटेपर्यंत चालतो.

या विनोदाचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. तो अनेकदा द्व्यर्थी असतो, स्त्रीच्या अंगावरून जातो, अपंगावर हसतो. नाटकात लावणी कथेच्या गरजेपेक्षा मागणीपोटी घुसते. एकेकाळी पुरुषच स्त्रीभूमिका करीत. ('मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत सूत्रधार स्वतःच कामंदकी या भिक्षुणीची भूमिका घेतो, तेव्हा या प्रथेला लाजण्याचे कारण नाही.) पुढे नागपूरकडच्या नट्या हंगामापुरत्या येऊ लागल्या. त्यांच्या कारकिर्दी तर विनोदी नटाच्या कारकिर्दीहूनही अधिक अदृश्य आहेत. त्यांची संख्या कोणी मोजली नाही, त्यांना कोणी कोणाची उपमाही दिली नाही.

उपमेचा प्रश्नही साधा नाही. खुणे यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हटले जाते. त्यात प्रेम आहे, हे निःसंशय. पण परिघावरच्या कलावंताला केंद्रातल्या कलावंताची स्थानिक आवृत्ती ठरविणारी ही पद्धत तपासावयास हवी. कोंडके यांची ख्याती १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'पासून वाढली, आणि त्या वगनाट्याची ताकद कोंडक्यांच्या उत्स्फूर्त भरीत होती, हे सर्वमान्य आहे. वसंत सबनीसांची मूळ संहिता लहान, प्रयोग मोठा. सबनीसांसारखा लेखक, मुंबईतला शिक्षित प्रेक्षक आणि पुढे चित्रपट यांमुळे कोंडक्यांच्या उत्स्फूर्ततेची नोंद झाली. जे कौशल्य 'विच्छा'त अपवाद म्हणून वाखाणले गेले, ते झाडीपट्टीत दर रात्रीचा रिवाज आहे. उपमेय आणि उपमान यांची अदलाबदल केली तर कोंडके हे मुंबईने ऐकलेले झाडीपट्टीचे नट ठरतात. अतिशयोक्ती आहे, पण उपयुक्त आहे.

नोंद कशाने होते, याचे उदाहरण गोंदिया जिल्ह्याच्या शेजारीच आहे. देवरी, सालेकसा हे पूर्वेकडचे तालुके छत्तीसगडच्या राजनांदगाव भागाला भिडलेले आहेत. राजनांदगाव हे नाचा या प्रयोगरूपाचे आगर. नाचातही दोन आधारस्तंभ : विनोद करणारा जोक्कड आणि स्त्रीवेषातली परी. हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये दिल्लीत 'मृच्छकटिका'वर आधारित 'मिट्टी की गाडी' बसवले तेव्हा छत्तीसगडचे सहा लोककलावंत सोबत नेले. शूद्रकाच्या नाटकाला जोक्कडांच्या परंपरेतला नट मिळाला आणि विदूषक ग्रंथातून उठून उभा राहिला. पुढे नया थिएटर, १९७५ चे 'चरणदास चोर', १९८२ चा एडिंबरा महोत्सवातला सन्मान हा इतिहास सुपरिचित आहे. मदन निषाद, ठाकुरराम, लालूराम, फिदाबाई ही नावे आज भारतीय रंगभूमीच्या इतिहासात आहेत. चरणदासाची भूमिका गाजविणारे गोविंदराम निर्मलकर यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये ते वारले. ज्या कारणाने निर्मलकर इतिहासात आले आणि खुण्यांच्या पिढीतले झाडीपट्टीचे नट आले नाहीत, ते कारण अभिनयाच्या प्रतीत शोधू नये. नाचाला एक दिग्दर्शक भेटला, जो या नटांना राजधानीच्या आणि संस्कृत संहितेच्या समोर उभे करू शकला. झाडीपट्टीला तो भेटला नाही. तथापि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तन्वीरांचे नट गाव सोडून भोपाळ-दिल्लीकडे गेले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांपैकी काहींच्या वाट्याला हलाखी आली. झाडीपट्टीचा नट होळीनंतर आपल्या शेतावर परतला. मान्यतेची किंमत कोणी किती मोजली, हा हिशेब एकतर्फी नाही.

दूरचित्रवाणी आल्यावर या व्यवहारात एक विलक्षण उलटापालट झाली. लौकिक समजुतीनुसार नट रंगभूमीवर शिकतो आणि पडद्यावर नाव कमावतो. झाडीपट्टीत पडद्यावरचे नाव रंगभूमीवर आयात होऊ लागले. मालिका आणि चित्रपटांतले मुंबईचे चेहरे हंगामात काही रात्रींसाठी आणले जातात, फलकावर त्यांचे छायाचित्र मोठे छापले जाते, आणि तिकीट त्या चेहऱ्यावर विकले जाते. पहाटेपर्यंत नाटक तोलून धरण्याचे काम मात्र स्थानिक विनोदी नटाकडेच राहते, कारण पाहुण्या नटाला गावाचे नाव माहीत असले तरी गावाची बोली माहीत नसते. वस्तुतः मालिकेचा नट आणि झाडीपट्टीचा नट हे परस्परांचे नातलग आहेत. दोघांनाही संवाद ऐन वेळी मिळतात, दोघांनाही घटवून बसविण्याची चैन नाही. फरक इतकाच की मालिकेत पात्र एकच राहते आणि शब्द रोज बदलतात. येथे पात्राचे नाव आठवड्याला बदलते आणि माणूस तोच राहतो.

दूरचित्रवाणीने वैदर्भी बोलीला जागा दिली नाही असेही म्हणता येणार नाही. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे 'फू बाई फू' आणि २०१४ पासूनच्या 'चला हवा येऊ द्या'मधून वऱ्हाडी घेऊन घराघरांत पोहोचले. पण पडद्यावर पोहोचलेली ही वऱ्हाडी संपूर्ण विदर्भाची प्रतिनिधी मानली गेली. झाडीबोलीचा निराळेपणा त्या एका हेलाखाली झाकला गेला. तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा २०२२ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट झाडीपट्टीच्या नाट्यव्यवसायावर आहे आणि त्या जगाच्या आतून आलेला आहे, म्हणून त्याचे मोल वेगळे. त्याचे नाव मात्र मुंबईच्या नावावरून, मुंबईचे हॉलीवूडवरून. उपमेची साखळी कोठे संपत नाही.

या नटाच्या कारकिर्दीवर कशाचा परिणाम होतो, हे पाहिले तरी तिचे स्वरूप कळते. मुख्य प्रवाहातल्या नटाचे चरित्र लिहिताना लेखक, दिग्दर्शक, निर्माते, पुरस्कार यांचे टप्पे पाडतात. येथे टप्पे निराळे आहेत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि शंकरपट थांबले; पटाच्या निमित्ताने गर्दी होई, आणि ती गर्दी रात्री नाटकाला बसे. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षे पटाच्या गावांत नाटकाचा एक भरवशाचा आधार गेला. त्यातच मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने पुढचा हंगाम बुडवला. धान किती पिकले, पाऊस कापणीत आला की काय, हे तर दरवर्षीचे. नाट्येतिहासाच्या ग्रंथात न्यायालयाचा बैलांविषयीचा निर्णय नटाच्या चरित्रात नोंदवावा लागेल अशी कल्पना कोणी केली नसेल. झाडीपट्टीचा इतिहास लिहिणाऱ्याला ती करावी लागेल.

आणि तो लिहावयाचा तर साधने कोणती? संहितांची हस्तलिखिते संस्थांच्या पेट्यांत आहेत, पण वर दाखविल्याप्रमाणे विनोदी नटाचे काम त्यांत नाही. तेथे कित्येकदा त्याच्या प्रवेशाची फक्त जागा असते. फलक आणि जाहिरातींवरून तारखा, गावे, नटसंच यांचा पट उभा करता येईल. आठशे हा आकडा खरोखर आठशे निरनिराळ्या नाटकांचा की नाव बदलून आलेल्या नाटकांसह, हे त्यावरूनच ठरेल, आणि तसे ठरविण्यात कोणाचाही अवमान नाही. पण मुख्य साधन प्रयोग हेच. एकाच नाटकाचे, एकाच नटाचे, तीन निरनिराळ्या गावांतले प्रयोग संपूर्ण ध्वनिचित्रित करून शब्दशः उतरवून काढले, तर संहितेत काय होते, नटाने काय घातले, आणि अर्जुनी मोरगावच्या प्रेक्षकाने त्याच्याकडून जे काढून घेतले ते सिंदेवाहीच्या प्रेक्षकाने का काढले नाही, हे प्रथमच तपासता येईल. विद्यापीठीय संशोधनात अशी कामे निवडक नाटककारांच्या कथानकांचा सारांश देऊन पुरी होतात. सत्तरी ओलांडलेल्या नटांच्या हंगामी रात्री आता मोजक्याच आहेत, आणि पुढचा हंगाम नेहमीप्रमाणे दिवाळीला सुरू होईल.